सर, मुलगी आणि वाळूजचा भाऊ : नॅनो कंपनी नेमकी कोण चालवतं?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत पाण्यातलं फ्लोराइड ओढून घेणारी नवी पावडर तयार झाली आहे. तयार करणारी मुलगी लातूरची, एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलेली. मार्गदर्शक सर तिथलेच. किनवट भागातल्या एका बोअरचं पाणी आणून त्यांनी तपासलं. लिटरमागे ४ मिलिग्रॅम फ्लोराइड होतं, पावडर टाकून गाळल्यावर ते १ च्या खाली आलं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १ मिलिग्रॅमपर्यंत चालेल म्हणतं. दुसरा उद्भवच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात. नांदेड जिल्ह्यातल्या अशा गावांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा पावडरीला गिऱ्हाईक आहे. आता कंपनी काढायची.

ही माणसं आणि ही पावडर मी या लेखापुरती रचली आहे. त्यांच्यापुढे येणारे प्रश्न मात्र खरे आहेत. पहिला प्रश्न पाचव्या मिनिटालाच येतो. सर म्हणतात, "मी चेअरमन राहतो, तू सीईओ हो." मुलगी म्हणते, "सर, तुम्ही म्हणाल तसं." एवढ्यावर कंपनीचं नेतृत्व ठरलं असं दोघांनाही वाटतं. खरं तर काहीच ठरलेलं नसतं.

ते का, हे कळायला आधी पावडरीकडे पाहावं लागेल. १ मीटरचे १०० कोटी भाग केले की त्यातला एक म्हणजे १ नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर. एवढ्या बारीक कणांचा उपयोग काय? १ सेंटिमीटर बाजूचा एक चौकोनी खडा घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच खडा १० नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत चिरला, तर सगळ्या तुकड्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. माल तेवढाच, बाहेरची बाजू मात्र १० लाख पट. फ्लोराइड कणाच्या बाहेरच्या बाजूलाच चिकटतं, म्हणून अॅल्युमिनासारख्या (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) पदार्थाचा बारीक कण थोडक्या वजनात जास्त काम करतो.

सगळा चमत्कार आकारात आहे आणि सगळी डोकेदुखीही आकारातच आहे. कण १० नॅनोमीटरचे व्हायच्या ऐवजी ६० चे झाले, किंवा एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले, तर डब्यावर तेच नाव असलेली पावडर निम्मंही काम करणार नाही. आणि हे डोळ्यांना दिसणार नाही. पांढरी पावडर ती पांढरी पावडरच.

प्रयोगशाळेत ही मुलगी १०० मिलीच्या बीकरमध्ये काम करते. कंपनीला निदान १०० लिटरची टाकी लागेल. आकारमान हजार पट वाढलं. पण टाकीच्या भिंतीचं क्षेत्रफळ वाढलं फक्त शंभर पट. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला आलेली भिंत दहावा हिस्सा उरली आणि उष्णता बाहेर पडायला तेवढाच वेळ जास्त लागायला लागला. ढवळणंही तसंच. बीकरमध्ये टाकलेला थेंब क्षणात सगळीकडे मिसळतो. टाकीत तो मिसळेपर्यंत एका कोपऱ्यात कण तयार होऊन वाढायलाही लागलेले असतात. काही लवकर जन्मले, काही उशिरा, म्हणून काही मोठे, काही लहान. प्रयोगवहीत लिहिलेली कृती तीच असते, माल वेगळा निघतो.

मोबाइल अॅपच्या कंपनीला हा त्रास नसतो. अॅप एकदा लिहिलं की दहा जणांना द्या नाहीतर दहा लाख जणांना, प्रत तीच. तिथे दोन मित्र एका खोलीत बसून वर्षभर कंपनी चालवू शकतात. नॅनोच्या कंपनीत प्रत्येक बॅच नव्याने परीक्षेला बसते. म्हणून तिथे नेतृत्वाचं गणितही निराळं असतं.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन उमगेल. काहिलीजवळ उभा असतो तो गुळव्या. पाक कधी आला, काहील कधी उतरवायची, हे त्याच्या नजरेला कळतं. तो चुकला तर सगळा गूळ गेला. पण गुऱ्हाळाचा मालक तो असतोच असं नाही, आणि ढेपा घेऊन लातूरच्या आडतीवर भाव करायला तर तो मुळीच जात नाही. पाक ओळखणं, रोज तेवढ्याच ढेपा तशाच उतरवणं आणि आडतीवर पट्टी हातात घेणं, ही तीन वेगळी कामं आहेत. नॅनो कंपनीच्या संस्थापकांत या तिन्ही कामांची माणसं असावी लागतात. आपल्याकडे पहिल्या कामाला सगळा मान, तिसऱ्याला थोडा, आणि मधल्याची आठवणही नाही.

बाहेर कसं झालं

अमेरिकेत २००१ मध्ये नँटेरो नावाची कंपनी सुरू झाली. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांपासून संगणकाची मेमरी बनवायची, अशी कल्पना. संस्थापक तीन. थॉमस रुकेस आणि ब्रेंट सीगल हे हार्वर्डमधून आलेले शास्त्रज्ञ. ग्रेग श्मेर्गेल हा आधी एक इंटरनेट कंपनी उभारून विकलेला उद्योजक. सीईओ झाला तो श्मेर्गेल. तंत्रज्ञानाची सूत्रं रुकेसकडे. ही वाटणी पहिल्या दिवसापासून होती आणि ती टिकली. तरीही फुजित्सू सेमिकंडक्टरने त्यांच्या तंत्रज्ञानाचा परवाना घेतल्याचं जाहीर झालं ते २०१६ मध्ये. मध्ये पंधरा वर्षं गेली. जागा बरोबर वाटल्या म्हणून वेळ वाचत नाही. एवढा काळ कंपनी एकत्र राहते, इतकंच. नॅनोच्या धंद्यात ते काही थोडं नाही.

बॅटरीसाठी सिलिकॉनयुक्त सूक्ष्म पावडर बनवणारी सिला नॅनोटेक्नॉलॉजीज २०११ मध्ये निघाली. तिथेही जॉर्जिया टेकचे प्राध्यापक ग्लेब युशिन शास्त्राच्या बाजूला आणि टेस्लाच्या सुरुवातीच्या काळातला इंजिनिअर जीन बर्डिचेव्स्की सीईओच्या खुर्चीत. अॅलेक्स जेकब्स हा तिसरा. बाजारात पहिलं उत्पादन आलं २०२१ मध्ये, मनगटावर बांधायच्या एका पट्ट्यात. पुन्हा दहा वर्षं.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती ए१२३ सिस्टिम्सची गोष्ट. ही कंपनीसुद्धा २००१ चीच. एमआयटीचे प्राध्यापक येट-मिंग च्यांग यांचं संशोधन होतं: लिथियम आयर्न फॉस्फेटचे नॅनो आकाराचे कण वापरून झटपट चार्ज होणारी, दमदार बॅटरी. त्यांच्याबरोबर रिक फुलोप हा धडपड्या तरुण उद्योजक आणि बार्ट रायली हा उद्योगात मुरलेला इंजिनिअर. सीईओ म्हणून डेव्हिड व्हिओ यांना बाहेरून आणलं. कागदावर यापेक्षा चांगला संघ सापडणं अवघड. अमेरिकी सरकारने जवळपास २५ कोटी डॉलरचं अनुदान मंजूर केलं, २००९ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, मिशिगनमध्ये मोठा कारखाना उभा राहिला.

मार्च २०१२ मध्ये त्याच कारखान्यातल्या काही सेलमध्ये दोष निघाला. कारण नॅनो वगैरे काही नव्हतं. एका स्वयंचलित वेल्डिंग मशीनचं कॅलिब्रेशन चुकलं होतं. गिऱ्हाइकांना सेल बदलून द्यायचा खर्च कंपनीनेच साडेपाच कोटी डॉलर सांगितला. गिऱ्हाईकही मोजकेच होते आणि त्यातला एक मोठा, फिस्कर ही मोटार कंपनी, स्वतःच गटांगळ्या खात होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये ए१२३ ने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे चीनच्या वानश्यांग समूहाने ती घेतली.

कारखाना भराभर वाढला, गिऱ्हाईक अपेक्षेएवढे आले नाहीत, हेही बुडण्यामागे होतंच. एका मशीनवर सगळं खापर फोडू नये. पण एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या, अब्जावधी रुपयांच्या कंपनीला धक्का बसला तो शॉप फ्लोअरवरच्या एका सेटिंगमुळे. वाळूजमधल्या कुठल्याही जुन्या सुपरवायझरला ही गोष्ट सांगा. तो हसणार नाही. "पहिला पीस कुणी चेक केला होता?" असं विचारेल.

वाळूजचा भाऊ

इथे आपल्या गोष्टीत तिसरं माणूस येतं. त्या मुलीचा मामेभाऊ वाळूज एमआयडीसीत आहे. डिप्लोमा केलेला, पंधरा वर्षं दुचाकीच्या सुट्या भागांवर कोटिंग करणाऱ्या शॉपमध्ये. टाकीचं तापमान, द्रावणाचा सामू, पार्ट किती सेकंद बुडवायचा, कोटिंगची जाडी किती मायक्रॉन आली, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. दर दहा लाख पार्टमागे किती रिजेक्शन परत आलं याचा हिशेब त्याला गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. नॅनो म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. बॅच म्हणजे काय हे त्याच्याइतकं सरांना माहीत नाही.

मराठवाड्यात प्रयोगशाळेतली उपकरणं कमी आहेत, हे खरं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण पाहायचा तर नमुना बऱ्याचदा मुंबईला आयआयटीच्या 'साफ' (SAIF) या उपकरण-केंद्राकडे किंवा पुण्याला पाठवावा लागतो आणि रिपोर्टची वाट पाहत बसावं लागतं. पण वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून त्याच्याभोवती व्हेंडरांची जी दुनिया उभी राहिली, तिने हजारो माणसांना एकच गोष्ट शिकवली: आजचा माल कालच्यासारखाच निघाला पाहिजे. चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याच्या स्टील मिल, सगळीकडे अशी माणसं आहेत. नॅनो कंपनीला ज्या मधल्या माणसाची सगळ्यात जास्त गरज असते, तो आपल्याकडे विपुल आहे. त्याला बोलावलं जातं ते मात्र टाकी बसवायला, जॉब वर्कवर. त्याला संस्थापक म्हणून हिस्सा द्यायचा विचार सरांच्या मनाला शिवत नाही, कारण त्याच्या नावामागे डॉक्टर नाही. आणि भावालाही तो मागायचा धीर होत नाही. माझ्या मते मराठवाड्यातल्या अशा कंपन्यांचं पहिलं दुखणं पैसा नाही, हे आहे.

डिग्री नसलेला माणूस विज्ञानाच्या धंद्याचं नेतृत्व करू शकतो का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी जालन्याकडे पाहावं. बद्रीनारायण बारवाले हे पैदासशास्त्रज्ञ नव्हते. १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महिको सुरू केली. त्याआधी पुसा सावनी भेंडीचं बियाणं त्यांनी शेतावर वाढवून विकलं होतं. बियाण्याचा धंदा म्हणजे पुन्हा तेच: दिसायला सगळं बी सारखं, खरं-खोटं शेतात उगवल्यावर कळणार. त्यांनी शास्त्रज्ञ जोडले, शेतकऱ्यांकडून बीजोत्पादन करून घेतलं आणि पिशवीतल्या बियाच्या भरवशावर नाव कमावलं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शास्त्र जाणणारे कंपनीत होते. शास्त्र कुणाकडे आहे आणि ते शेतकऱ्यापर्यंत कसं जाईल, हे जाणणारा माणूस वर होता.

भारतातल्या नॅनो कंपन्यांतही अशी वाटणी दिसते. आयआयटी मुंबईतून निघालेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीजने स्फोटकांचे अंश हुंगणारं यंत्र बनवलं. मूळ संशोधन प्रा. रामगोपाल राव यांच्या गटाचं, कंपनीची धुरा नितीन काळे यांच्याकडे, आणि यंत्र बाजारात नेण्याचं काम वेहांत टेक्नॉलॉजीज या तिसऱ्याच कंपनीकडे. यंत्राचं अनावरण एप्रिल २०२१ मध्ये झालं. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांचं चांदीच्या नॅनोकणांवरचं काम तर आपल्या पावडरीच्या अगदी जवळचं: पाण्यातली कीटकनाशकं काढणारं ते तंत्र युरेका फोर्ब्सच्या फिल्टरमधून घरोघरी गेलं. पुढे आर्सेनिक काढणारं तंत्र घेऊन त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर इनोनॅनो रिसर्च ही कंपनी उभी केली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नॅनोहोल्डिंग्जने तिच्यात १ कोटी ८० लाख डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. प्राध्यापक प्राध्यापकच राहिले आणि पद्मश्रीही त्यांना विज्ञानासाठी मिळाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सरांनी सीईओ होऊ नये, आणि नावापुरता सीईओ मुलीला करून मागून दोर हलवू नयेत. सरांची नोकरी आहे, तासिका आहेत, आणखी चार विद्यार्थी आहेत. त्यांनी शास्त्रीय सल्लागार व्हावं, हवं तर संचालक व्हावं, पण रोजचा निर्णय त्यांच्या सहीसाठी थांबता कामा नये. मुलीने तंत्रज्ञान सांभाळावं. कारण पावडरीचा पाक ओळखणारी तीच. भावाने उत्पादन. मग सीईओ कोण? बहुतेक वेळा खरं उत्तर असतं की अजून कुणी नाही. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात खेटे घालू शकेल, ग्रामसेवकाशी आणि गुंतवणूकदाराशी त्या त्या भाषेत बोलू शकेल, बिल निघायला सहा महिने लागले तरी पगार करील, असा चौथा माणूस शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत मुलीने ती खुर्ची तात्पुरती सांभाळावी आणि ती तात्पुरती आहे हे सगळ्यांना माहीत असावं.

कागदावर काय हवं

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात. ते नोंदवणं सोपं, सीए आठवड्या-दोन आठवड्यांत करून देतो. अवघड असतो तो संस्थापकांमधला करार, आणि तो आपल्याकडे संकोचापोटी राहून जातो. सरांना पैशाचं कसं विचारायचं? भावाशी कसला करार करायचा?

करारात हिस्से ठरतात. समजा मुलीला ४० टक्के, भावाला २५, सरांना १५, आणि उरलेले २० पुढे येणाऱ्या सीईओसाठी व कर्मचाऱ्यांसाठी राखून. (आकडे उदाहरणापुरते.) पण हे शेअर पहिल्याच दिवशी पूर्णपणे कुणाचे होत नाहीत. रुळलेली पद्धत अशी की ते चार वर्षांत महिन्यामहिन्याने पक्के होत जातात, आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत जो गेला त्याला काहीच मिळत नाही. मुलगी दीड वर्षाने जर्मनीला पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला गेली तर तिच्या ४० पैकी १५ टक्के तिचे, बाकीचे २५ कंपनीत परत. अशी अट नसेल तर काय होतं? ४० टक्के कंपनी जर्मनीत बसलेल्या माणसाच्या नावावर, राबणारे इथे, आणि गुंतवणूकदार ते पाहून दारातूनच परत. चांगलं नातं असलेल्यांनी तर हा करार आधी करावा, म्हणजे पुढे नात्याला तो विषय काढावा लागत नाही.

दुसरा कागद पेटंटचा. इथे सर आणि कंपनी यांचं हित सरळ आपटतं. सरांना पदोन्नतीसाठी शोधनिबंध छापायचाय, मुलीला प्रबंधासाठी. पण पावडरीची कृती आधी छापली तर ती जगजाहीर झाली, आणि जगजाहीर गोष्टीवर पेटंट मिळत नाही. कायद्यातल्या सवलती फार अरुंद आहेत. उपाय साधा आहे. आधी तात्पुरता अर्ज दाखल करायचा, ज्याची ऑनलाइन मूळ फी एकट्या व्यक्तीला किंवा स्टार्टअपला १,६०० रुपये आहे, आणि मग निबंध पाठवायचा. पूर्ण अर्ज १२ महिन्यांच्या आत. वकिलाचा खर्च वेगळा, पण ही तारीख हुकली तर पुढचा सगळा खेळ मोडतो. ती सांभाळायची जबाबदारी करारात एका माणसाच्या नावावर असावी.

पेटंट कुणाच्या मालकीचं, हाही प्रश्न आहेच. विद्यापीठाची उपकरणं आणि फेलोशिप वापरून काम झालं असेल तर विद्यापीठाचा हक्क येतो. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात शिक्षणसंस्थेने आपल्या सोयीसुविधांच्या बदल्यात कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा अशी चौकट दिली आहे, आणि प्राध्यापकाने संस्थेतलं संशोधन व कंपनीचं काम वेगळं ठेवावं असंही म्हटलंय. म्हणजे कंपनीची बॅच विभागातल्या ओव्हनमध्ये रात्री गुपचूप भाजून काढायची नाही. हे सगळीकडे चालतं म्हणून सांगून ठेवलं.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण ती माहिती सहज मिळते. नमुना बनवायला केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत, जैव-आरोग्याशी जोडता आलं तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या 'बिग' अनुदानातून ५० लाखांपर्यंत, स्टार्टअप इंडिया सीड फंडातून चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत. अर्ज इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या केंद्रामार्फत. संभाजीनगरात उद्योजकांच्या सीएमआयए संघटनेने उभं केलेलं 'मॅजिक' नावाचं असं केंद्र आहे, विद्यापीठाचं केंद्र आहे; पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे आणि रसायनांच्या कामाला ते विशेष उपयोगी. अर्जात संघाबद्दलचा रकाना असतो. परीक्षक तो आधी वाचतात.

'नाही' कुणी म्हणायचं

शेवटची बाब नेतृत्वाची सर्वांत नाजूक आहे: माल तयार नसताना तो विकायला निघालेल्या कंपनीला कोण थांबवणार?

शेतीत हा अनुभव आपल्याला ताजा आहे. नॅनो युरिया २०२१ मध्ये आला. तेव्हा अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी होतं २० किलोहून जास्त. पानावर फवारल्याने उपयोग चांगला होतो म्हणून बाटली गोणीची जागा घेईल, असा दावा. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतचाचण्यांत भात-गव्हाचं उत्पादन घटल्याचं नोंदलं गेलं. बनवणाऱ्या इफकोचं म्हणणं वेगळं आहे. वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. पण कृषी सेवा केंद्रात गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारण्याचं 'लिंकिंग' सुरू झालं आणि परभणी-हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या कानाला नॅनो शब्दच खटकायला लागला. आपल्या फ्लोराइडवाल्या मुलीला गावात जाऊन आधी हा राग ऐकून घ्यावा लागणार आहे.

याहून मोठं उदाहरण थेरानोसचं. बोटाच्या टोकाच्या थेंबभर रक्तात ढीगभर चाचण्या करतो म्हणणारी ही अमेरिकी कंपनी एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये काढली. तिच्या इवल्याशा रक्तनळीचं नाव 'नॅनोटेनर'. नॅनो फक्त नावात. संचालक मंडळात हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ यांच्यासारखे माजी परराष्ट्रमंत्री. यंत्र सांगितल्यासारखं चालत नव्हतं. २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरली. आपल्याकडे मंडळावर माजी आमदार, माजी कुलगुरू घ्यायची हौस दांडगी. त्यापेक्षा पाण्याचे नमुने तपासणारा एखादा निवृत्त रसायनतज्ज्ञ घ्यावा, जो मीटिंगमध्ये रिपोर्ट उघडून तारीख विचारील.

आपल्या गोष्टीतल्या कंपनीत हे काम असं वाटून द्यावं. बॅच बाहेर जाणार की नाही, याचा शेवटचा शब्द मुलीचा. त्यावर सीईओचीही मात्रा चालू नये, जिल्हा परिषदेची ऑर्डर कितीही मोठी असली तरी. टाकी आणि मशीन थांबवायचा हक्क भावाचा, कुणाला न विचारता. पावडर पाण्यात उतरते का, म्हणजे फ्लोराइड गेलं पण अॅल्युमिनियम आलं असं होतं का, याची तपासणी बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. आणि किती गिऱ्हाइकांना, कुठल्या भावात, हे सीईओने ठरवावं. तिथे सरांनी मध्ये पडू नये.

सीईओ बदलावा लागला तर? तेही आधीच लिहून ठेवायचं. नॅनोसिस नावाची अमेरिकी कंपनी लॅरी बॉक या मुरलेल्या उद्योजकाने २००१ च्या सुमारास उभी केली, नामवंत विद्यापीठांतली पेटंटं आणि मोठे शास्त्रज्ञ गोळा करून. सौरपत्र्यांपासून चिप्सपर्यंत सगळं करू, असा बेत होता. २००४ मध्ये शेअर बाजारात यायचा अर्ज केला आणि काही महिन्यांत मागे घेतला. विकायला ठोस असं काही नव्हतं. पुढे जेसन हार्टलव्ह सीईओ म्हणून आले, आणि कंपनीने टीव्ही-टॅबलेटच्या पडद्यांसाठीचे क्वांटम डॉट, म्हणजे आकाराप्रमाणे रंग बदलणारे प्रकाशमान नॅनोकण, यावर सगळा जोर लावला. २०१३ मध्ये ते अॅमेझॉनच्या टॅबलेटमध्ये पोहोचले, त्यानंतर टीव्हीत. संस्थापकांनी जमवलेलं भांडवल आणि पेटंटं नव्या माणसाच्या हातात गेली, तेव्हा माल दुकानात आला. याच क्वांटम डॉटच्या मूळ संशोधनाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि विजेत्यांतले मौंगी बावेंडी नॅनोसिसच्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांपैकी होते.

आपल्या मुलीच्या करारात म्हणून एक कलम असावं: दर वर्षी मार्चमध्ये चौघांनी बसून प्रत्येक खुर्ची पुन्हा तपासायची, आणि चारपैकी तिघांचं मत पडलं तर सीईओ बदलायचा, त्याचे तोवर पक्के झालेले शेअर मात्र त्याच्याकडेच राहतील. सरांना हे कलम वाचायला द्यायचं काम भावाने करावं. मुलीला ते जमणार नाही.